ध्यानाला बसलं की अंगात वळवळ आणि मनात वासना, हे दाबायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर ऑफिसात बसून काम असतं, संध्याकाळी आसनं नीट होतात, पण डोळे मिटले की पाय वळवळतात, अंगात गरमी चढते आणि नको ते विचार येतात. हे दाबायचं कसं, असा प्रश्न आहे.

दाबायचं नाही. हातपाय आवरून बसायचं आणि मनात विषयच घोळवायचे, अशा माणसाला गीतेनं तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटलंय. त्याच अध्यायात पुढं 'निग्रहः किं करिष्यति', म्हणजे नुसतं दाबून काय होणार, असं सरळ विचारलंय.

मी कोल्हापूरचा, पोरवयात तालमीत जाणारा. वस्ताद 'लंगोटाचा पक्का राहा' म्हणायचे, पण नुसतं सांगून सोडत नव्हते. पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढत, संध्याकाळी पुन्हा तेच. रग जिरलेली असायची, त्यामुळं उपदेश पाळणं सोपं जायचं. तुमची रग मात्र खुर्चीत साठते आणि तुम्ही तिच्यासकट आसनावर बसता.

म्हणून आधी घाम काढा. रंकाळ्याच्या कडेनं झपझप चाला, नाहीतर धाप लागेपर्यंत सूर्यनमस्कार घाला. मग शवासन, आणि त्यानंतरच ध्यानाला बसा. बसल्यावर पहिली काही मिनिटं फक्त श्वास: चार मोजत घ्या, सहा-आठ मोजत सोडा. 'चले वाते चलं चित्तं', म्हणजे श्वास हलला की मन हलतं, असं हठयोगप्रदीपिका हा योगाचा जुना ग्रंथ सांगतो, आणि सोडायचा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते हे नाडीवर बोट ठेवून कळतं. भस्त्रिका, कपालभाती संध्याकाळी नकोच, त्यानं उलट तरतरी येते. ऊर्जा 'वर चढवायचे' व्हिडिओ बघून बंध-कुंभक (अंग आवळून श्वास रोखणं) तर मुळीच करू नका.

एवढं करूनही वासना येणार. आली की ती अंगात कुठं जाणवते ते बघा: ओटीपोटात, छातीत, मांड्यांत. तिथल्या उष्णतेकडं, ताणाकडं लक्ष ठेवा. चित्र पुढं रंगवू नका, एवढंच. चित्राला खाद्य मिळालं नाही की अंगातली खळबळ थोड्या वेळानं आपोआप ओसरते.

पतंजलींनी योगसूत्रांत 'प्रतिपक्षभावन', म्हणजे उलट बाजूचा विचार करणं, सांगितलंय. लोक त्याचा अर्थ विचारावर देवाचं नाव थापणं असा घेतात. पण सूत्रात अशा विचारांची फळं दुःख आणि अज्ञान आहेत, हे आठवायला सांगितलंय. म्हणजे रात्री मोबाईलकडं हात गेला की काल जागल्यावर सकाळ कशी गेली होती, ते आठवायचं.

मटण सोडा असं मी म्हणणार नाही, कोल्हापुरात तसं बोलायला छाती लागते! पण रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून पहाटे ध्यानाची अपेक्षा धरू नका.

आणि एक. झोप दोन-तीन तासांवर येऊनही थकवा वाटत नसेल, बोलणं-खर्च बेभान होत असेल, तर ध्यान थांबवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.