मिक्स कसा झाला, हे विचारायचं कुणाला आणि कसं?

भाऊ, तुम्ही पोस्ट केलेलं, घरच्या खोलीत मिक्स केलेलं (म्हणजे गळा आणि वाद्यांचे आवाज एकत्र जुळवलेलं) गाणं तीनदा ऐकलं: हेडफोनवर, मोबाइलवर आणि कारमध्ये. तुमची अडचण खरी आहे. मित्र 'एक नंबर' म्हणतात, पण कारमध्ये डग्गा घुमतो आणि मुखड्याचे शब्द कळत नाहीत.

डग्ग्याचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. खोली दहा बाय दहा आणि खुर्ची बरोबर मधोमध. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपासचा खालचा, म्हणजे बेसचा, आवाज असा अडकतो की भिंतीशी तो फुगतो आणि मधोमध जवळजवळ गायब होतो. खोली चौरस, म्हणजे लांबी-रुंदी दोन्हीकडून तेच. तुम्हाला खालचा आवाज ऐकू आला नाही म्हणून तुम्ही तो वाढवला. कारमध्ये तो खड्डा नाही, तिथं वाढवलेलं सगळं अंगावर येतं. डग्ग्याला दोष नाही, खुर्ची सरकवा. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर बसून बघा.

आता शब्दांचं. माझं पहिलं गाणं मी नागपुरात महाल भागातल्या घरी मिक्स केलं होतं. जाणकार मित्रांनी अकरा सूचना दिल्या, त्यातल्या चार एकमेकींच्या विरुद्ध! आई शेजारच्या खोलीत पोळ्या लाटत होती. तिथूनच म्हणाली, "त्या पेटीवाल्याले थोडं थांबव ना, पोरगी काय म्हणून राहिली ते समजूच नाही देऊन राहिला." पेटी दोन डेसिबल खाली घेतली, गायिकेला हातही लावला नाही, शब्द बाहेर आले. तुमच्याकडेही हेच होतंय. पेटी आणि गळा आवाजाच्या एकाच पट्ट्यात भिडतात. गळा वाढवत बसू नका, पेटीचा २ ते ३ किलोहर्ट्झचा भाग थोडा कापा.

म्हणून 'कसं वाटलं?' असं कुणालाच विचारू नका. नागपूरकर तोंडावर वाईट बोलणार नाही, चहा पाजून पाठवेल. त्याऐवजी दुसरं कडवं ऐकवा आणि शब्द लिहून द्यायला सांगा. जिथं पेन अडेल तिथं मिक्स अडलाय. आणि ऐकणारा 'इको वाढव' म्हणाला, तर काहीतरी खटकलंय एवढंच खरं माना. त्याचा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

जुना-नवा मिक्स शेजारी लावून दाखवणार असाल, तर आधी दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करा. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, यात भलेभले फसतात. (यूट्यूब तसाही -१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) वरचं गाणं खाली ओढतो, त्यामुळे ठासून मोठं करण्यात अर्थ नाही.) फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून वेव्ह (न दाबलेली मूळ फाइल) पाठवा.

एक राहिलंच. दोन ओळींच्या मधल्या जागेत कूलर ऐकू येतो. मिक्समधल्या कंप्रेसरनं (मोठे-बारीक आवाज एका पातळीला आणणारं साधन) तो आणखी वर आलाय. मे महिन्यात कूलर बंद करून गा म्हणणं हा जुलूम आहे, कबूल. मी पहाटे पाचला रेकॉर्ड करतो, तेव्हा निदान तासभर त्याच्याशिवाय निभतं. मुखडा तेवढा पुन्हा गाऊन घ्या, बाकीचं चालेल.