किमान वेतन वाढलं, तर गोव्यातल्या छोट्या हॉटेलवाल्याने माणसं कमी करावीत का?

घाई करू नका. म्हापशात आमची छोटी खानावळ आहे. मागच्या वाढीच्या वेळी मीही हाच हिशेब मांडून बसलो होतो. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल, तर शंभराच्या वाढीमागे मालकाचे 12 आणि 3.25 टक्के धरून 115 रुपये 25 पैसे पडतात. ओढाताण होते ती पावसाळ्यात, पर्यटक नसताना. आम्ही फिश थाळी दहा रुपयांनी वाढवली, गिऱ्हाईक तुटलं नाही. आणि पगार वाढल्याचा फायदाही दिसला: चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी गेलेला आचारी त्या वर्षी ठरल्या दिवशी परतला! नवा माणूस आला की हुमणाची, म्हणजे माशाच्या कालवणाची, चव कित्येक दिवस बिघडते. तो तोटा वहीत कुणी लिहीत नाही. आणि कामगार राजी असला तरी ठरलेल्या दराहून कमी देणं बेकायदेशीरच.