इन्सुलिन बाळापर्यंत जातं का?

प्रश्न: मला सातवा महिना चालू आहे. साखर वाढल्यामुळे पंधरा दिवसांपासून इन्सुलिनचं इंजेक्शन घेते. सुई टोचताना दर वेळी वाटतं, हे बाळाच्या अंगात तर जात नसेल? सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा गोळी मागून घे. काय करू? – एक वाचक

उत्तर: घाबरू नका. तुम्ही टोचून घेता ते इन्सुलिन बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. मध्ये वार (प्लासेंटा) आहे, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव.

तीस वर्षं बाळंतपणं केली, तरी वार पडली की ट्रेमध्ये उलटीपालटी करून बघायची माझी हौस फिटली नाही. (तुकडा आत राहिला नाही ना, हे तपासावंच लागतं, मी जरा जास्तच रेंगाळते.) साधारण अर्धा किलो वजन. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, नाळेपासून चहूकडे फाकलेल्या रक्तवाहिन्यांची. आईकडची काळपट लाल, खडबडीत. तिथे मुळांसारखे बारीक अंकुर असतात. सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून दहा चौरस मीटरच्या आसपास भरतो. हे अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि त्यांच्या पापुद्र्यावर इन्सुलिनचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे दारावरची घंटा समजा. इन्सुलिन ती वाजवतं, वारेच्या पेशी त्याप्रमाणे कामाला लागतात. वाजवणारा मात्र बाहेरच राहतो.

साखरेचं तसं नाही. तिला आत न्यायला वेगळे वाहक आहेत. तुमच्या रक्तात साखर जास्त, की बाळाकडेही जास्त. मग बाळाचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवतं, बाळ प्रमाणाबाहेर वाढतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते. डेन्मार्कचे डॉक्टर यॉर्गन पेडरसन यांनी 1952 सालीच हे मांडलं होतं. तेव्हा भ्यायचंच असेल तर साखरेला भ्या.

आणखी एक गंमत. सुरुवातीच्या महिन्यांत या घंटा मुख्यतः आईच्या बाजूला असतात. दिवस भरत येतात तशा त्या वारेतल्या बाळाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जास्त सापडतात. आधी आईचं ऐकणारी वार शेवटी बाळाचं ऐकू लागते!

गोळीचं म्हणाल तर मेटफॉर्मिन वार ओलांडून बाळाकडे जातं. गरोदरपणात ते देतात, मीही दिलंय. पण ‘औषध बाळाकडे जाऊ नये’ म्हणून सुई सोडून गोळी घेणं म्हणजे उलटा कारभार. सासूबाईंना एकदा तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. इंजेक्शन मनाने बंद करू नका.

पुढच्या काही आठवड्यांत डोस वाढवावा लागला तर ‘माझं काही चुकलं’ असं मनात आणू नका. वार स्वतःच लॅक्टोजेनसारखी हॉर्मोन्स सोडते, त्यांच्यापुढे तुमच्या इन्सुलिनचा जोर कमी पडतो. वार पडली की हा विरोधही ओसरतो. बहुतेकींचं इंजेक्शन बाळंतपणानंतर लगेच थांबतं. त्यानंतर 6 ते 12 आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी तेवढी करून घ्या. बाळाच्या गडबडीत नेमकी तीच राहून जाते.