वाचकांचे प्रश्न : बीथोव्हेनचा शिष्य, लिस्टचा गुरू

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून पियानो शिकत आहे. घरी ६१ पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आहे. या वर्षी तिच्या शिक्षकांनी चेर्नी नावाच्या कोणा संगीतकाराच्या अभ्यासांचे पुस्तक हाती दिले असून, ते पुरे होईपर्यंत नवी रचना मिळणार नाही, असे बजावले आहे. मुलगी कंटाळली आहे. हे गृहस्थ स्वतः काही वाजवत असत, की मुलांना केवळ राबवून घेत?
– एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : वाजवत असत, आणि उत्तम वाजवत असत. कार्ल चेर्नी यांचा जन्म २१ फेब्रुवारी १७९१ रोजी व्हिएन्नात झाला व १५ जुलै १८५७ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. घराणे मूळचे चेक. त्या भाषेत ‘चेर्नी’ म्हणजे काळा. तेव्हा ते आपल्याकडे जन्मले असते, तर महाल भागातल्या एखाद्या वाड्यात ‘काळे मास्तर’ म्हणून सहज खपून गेले असते.

पहिली तालीम वडिलांकडे झाली. कार्ल दहा वर्षांचे असताना क्रुम्पहोल्ट्झ नावाच्या व्हायोलिनवादक स्नेह्याने त्या दोघांना बीथोव्हेनकडे नेले. त्या भेटीचे वर्णन चेर्नी यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. सगळीकडे पसारा पडलेली खोली, करड्या रंगाच्या केसाळ कापडाचा कोट घातलेला, दाढी वाढलेला तो माणूस पाहून त्या मुलाला रॉबिन्सन क्रूसोची आठवण झाली. आणि त्याच्या कानांत पिवळ्या औषधात भिजवलेले कापसाचे बोळेही मुलाच्या नजरेतून सुटले नाहीत. मुलाने मोझार्टचा एक कॉन्चेर्तो (वाद्यवृंदासोबत एका मुख्य वाद्यासाठीची रचना) व बीथोव्हेनचा ‘पॅथेटीक’ सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) वाजवला. मुलगा गुणी आहे, त्याला मी स्वतः शिकवीन, असे बीथोव्हेनने तिथेच सांगितले.

आता आपल्या मुलीला जरूर सांगावे अशी गोष्ट. एवढ्या मोठ्या गुरूने पहिल्या धड्यांत कोणतीही रचना शिकवली नाही. सर्व स्वरांतल्या सरगमी, हाताची ठेवण, बोटांची बैठक आणि अंगठा बोटांखालून पुढे नेण्याची रीत, इतकेच शिकवले. आणि त्यानंतर एक सूर दुसऱ्याला जोडून, मध्ये फट न पडू देता वाजवण्यावर सारा भर दिला. चेर्नी यांनी पुढे आयुष्यभर जी पुस्तके लिहिली, त्यांचे बी या धड्यांत आहे, असे मला वाटते.

शिष्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. बीथोव्हेनचे आश्रयदाते प्रिन्स लिखनोव्हस्की यांच्या वाड्यात बीथोव्हेनच्या रचनेचा नुसता क्रमांक सांगितला, की हा मुलगा ती तोंडपाठ वाजवून दाखवी. डिसेंबर १८०५ मध्ये बीथोव्हेनने त्यांना मैफलींच्या दौऱ्यासाठी शिफारसपत्रही दिले. पण ते नेपोलियनच्या युद्धांचे दिवस होते आणि दौरा निघालाच नाही. फेब्रुवारी १८१२ मध्ये बीथोव्हेनचा पाचवा कॉन्चेर्तो व्हिएन्नात प्रथम वाजला, तेव्हा पियानोवर चेर्नी होते. तरीही ते मैफलीचे कलावंत झाले नाहीत. फिरत्या वादकाला जी चमकदार नाटकी करामत लागते, ती आपल्या वादनात नव्हती, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. हा कबुलीजबाब मला त्यांच्या साऱ्या कीर्तीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग आपल्या संगीतावर वाढलेल्या वाचकांना विशेष विचार करायला लावील. १८१६ मध्ये बीथोव्हेनची पियानो व सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांसाठीची एक रचना वाजवताना तरुण चेर्नी यांनी काही जागा अवघड केल्या, कुठे वरचे सप्तक घेतले. आपल्या मैफलीत अशाने दाद मिळाली असती. तिथे बीथोव्हेनने सर्वांदेखत त्यांना फटकारले. दुसऱ्या दिवशी मात्र गुरूनेच पत्र लिहून क्षमा मागितली: काल माझा तोल गेला, पण आपली रचना लिहिली तशीच ऐकण्याची इच्छा असलेल्या रचनाकाराला तुम्ही समजून घ्यावे, अशा आशयाचे. चेर्नी यांनी तो धडा मनावर घेतला आणि लिहिलेल्या स्वरांशी प्रामाणिक राहण्याची शिस्त पुढे शिष्यांनाही लावली.

शिकवणे त्यांनी पंधराव्या वर्षीच सुरू केले होते. पुढे अनेक वर्षे ते दिवसाला दहा-बारा शिकवण्या घेत आणि रात्री लिहीत. त्यांच्या रचनांचे क्रमांक ८६१ पर्यंत जातात. त्यांत सिंफनी आहेत, चर्चसाठीचे संगीत आहे, बरेचसे बाजारू लेखनही आहे. अभ्यासपुस्तके मात्र शिष्यांच्या हातांकडे रोज पाहून सुचलेली आहेत. आपल्या मुलीकडे बहुधा ५९९ क्रमांकाचे, आरंभीच्या १०० अभ्यासांचे पुस्तक असावे. त्यानंतर गतीच्या अभ्यासांचे २९९ आणि पुढे ७४० येते. म्हणजे हे क्रमांक अवघडपणाच्या क्रमाने लागत नाहीत, याची पालकांनी नोंद घ्यावी.

१८१९ मध्ये एक फिकट, अशक्त मुलगा वडिलांबरोबर त्यांच्याकडे आला. तो दारू प्यायल्यासारखा डुलत वाजवी, बोटे मन मानेल तशी टाकी आणि ताल तर त्याच्या गावीच नव्हता. पण उपजत सामर्थ्य पाहून चेर्नी थक्क झाले. हा फ्रान्झ लिस्ट, पुढे जगप्रसिद्ध झालेला पियानोवादक. पुढे त्याचे कुटुंब व्हिएन्नात आले, तेव्हा चेर्नी यांनी त्याला क्लेमेंटी या संगीतकाराचे सोनाटे देऊन काटेकोर लयीत बांधले. मुलगा प्रथम कुरकुरला, आपल्या मुलीसारखाच. थोड्याच दिवसांत गुरूने त्याच्याकडून फी घेणेही थांबवले. १८५२ मध्ये लिस्टने आपले अत्यंत अवघड एत्यूड (अभ्यासरचना) चेर्नी यांनाच अर्पण केले.

चेर्नी अविवाहित होते आणि मांजरांचा त्यांना मोठा लळा होता.

राहिला प्रश्न वाद्याचा. खऱ्या पियानोसाठी हट्ट धरू नये, कारण आपल्याकडचा ४५ अंशांचा कोरडा उन्हाळा, त्यात कूलरची दमट हवा आणि लगेच पावसाळा, यांत लाकूड आकसते, फुगते आणि सूर उतरतात. सदर भागातल्या एका घरातील जुन्या पियानोच्या मधल्या सप्तकातील तीन पट्ट्या जुलैत दाबल्यावर वरच येत नसत. ५९९ पुरता ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड चालेल. मात्र बोटांच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होणारा असावा. ७४० पर्यंत मजल गेली, तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा लागेल.

प्रश्न : मी चाळीस वर्षे भजनाला पेटीची साथ करतो. नातवाला घरी बोटे दाखवली, तर त्याच्या पियानोच्या बाई ती मोडून काढतात. पेटीची बोटे पियानोला का चालू नयेत?
– एक आजोबा, प्रतापनगर

उत्तर : आजोबा, आपली बोटे चुकीची नाहीत, वाद्य निराळे आहे. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर टिकतो आणि आवाजाचे कमी-जास्त भात्याकडे असते. पियानोत हातोडी तारेवर पडली की सूर लगेच विरू लागतो. जोर ठरतो तो पट्टी दाबण्याच्या वेगावर. त्यामुळे पहिला सूर विरण्याआधी दुसरा त्याला जोडून घेणे ही सर्वस्वी बोटांची जबाबदारी होते. शिवाय पेटीवर डावा हात भात्याला असतो. पियानोवर त्यालाही तितकेच धावावे लागते.

उजव्या हाताने पांढऱ्या पट्ट्यांवरची साधी सरगम घ्या : अंगठा, तर्जनी, मध्यमा, मग मध्यमा ‘ग’वर असतानाच अंगठा तिच्याखालून सरकून ‘म’वर यावा, आणि तिथून क्रमाने करंगळीपर्यंत जावे. अंगठा येताना कोपर वर उडाले वा मनगटाला झटका बसला, की ‘म’ ठसकन वाजतो. बाई नातवाला थांबवत असतील, तर बहुधा याच ठिकाणी. उद्या तो वाजवत असताना डोळे मिटून तो एकच ‘म’ ऐका. चाळीस वर्षे साथ केलेल्या कानाला तो ठसका लगेच कळेल, आणि तिथे नातवाला आपला उपयोग बाईंइतकाच होईल.