परराष्ट्र धोरणाच्या थिंक टँकमध्ये कम्युनिकेशन्स आणि इव्हेंट्सचं काम : माझा चौदा वर्षांचा अनुभव

खानापूरच्या ताईनं विचारलंय की पुण्यात पीआर एजन्सीत सहा वर्षं झाली, आता दिल्लीच्या एका थिंक टँकमधनं, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थेतनं, कम्युनिकेशन्स आणि पब्लिक इव्हेंट्स सांभाळायला बोलावणं आलंय, इंटरव्ह्यू पंधरा दिवसांवर आहे आणि मराठी माध्यमात शिकलेली मी तिथं काय बोलणार अशी धाकधूक वाटतेय. मी अशाच दोन संस्थांत मिळून चौदा वर्षं काढली, आता बेळगावात टिळकवाडीत परत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते. वयानं मोठी आहे, अगंतुगं करते.

एजन्सीत क्लायंटचं नाव सगळीकडं यावं म्हणून धडपडायची सवय लागलेली असते. इथं कित्येकदा नाव कुठंच येऊ नये म्हणून पगार मिळतो. लंडनच्या चॅटम हाऊस या परराष्ट्र धोरणाच्या संस्थेनं 1927 मध्ये केलेला एक नियम जगभर चालतो: खोलीत ऐकलेली माहिती बाहेर खुशाल वापरा, पण ते कोण बोललं, ते कुठल्या संस्थेचे आणि खोलीत आणखी कोण होतं ते सांगायचं नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी एका निवृत्त राजदूतांबरोबर बंद दाराआड बैठक होती, वीस-बावीस माणसं, आणि सगळ्यांना माहीतच असणार असं धरून हा नियम सुरुवातीला सांगायचा माझ्याकडनं राहिला. चहाच्या वेळी आमच्याच टीममधल्या पोरानं फोटोसकट त्यांचं एक वाक्य ट्विटरवर टाकलं. दहा मिनिटांत काढलं, पण तोवर स्क्रीनशॉट फिरला होता. राजदूत कुणाला काही बोलले नाहीत, फक्त समोरची नावाची पाटी उचलून टेबलावर पालथी ठेवली आणि उरलेला तासभर पेपरात छापून येतं तेवढंच बोलत राहिले. ती पालथी पाटी मला अजून दिसते. त्यानंतर नियम निमंत्रणात एकदा, दारात एकदा आणि अध्यक्षांच्या तोंडून एकदा, असा तीनदा सांगितल्याशिवाय मी कुठलीही बैठक सुरू होऊ दिली नाही.

मग नकाशे. सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परदेशी वक्ते स्लाइड्स पाठवतात सकाळी साडेआठला, कार्यक्रम दहाचा, त्यात काश्मीर तुटक रेषेत. त्यांच्या मनात काही नसतं, त्यांच्याकडं नकाशा तसाच काढतात. म्हणून स्लाइड्स आदल्या रात्री मागून घ्यायच्या आणि एकेक उघडून बघायची. नावांचंही तसंच, इराणवाल्यांसारखं पर्शियन गल्फ म्हणायचं की अरबांसारखं अरेबियन गल्फ, त्या बेटांना ब्रिटिशांसारखं फॉकलंड की अर्जेंटिनावाल्यांसारखं माल्विनास, समोर कुठल्या देशाचा माणूस बसलाय त्यावर शब्द जपायला लागतो. आणि खरं सांगते, यात तू दिल्लीवाल्यांपेक्षा पुढं आहेस. कुठल्या पाटीवर कुठली लिपी आधी येते हे बघत आपण वाढलो, 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा कुठल्या अर्जावर काय लिहायचं हे घराघरात बोललं गेलं. एका शब्दानं माणूस कसा दुखावतो हे तुला कुणी शिकवायला नको.

इव्हेंट्सचं थोडक्यात. रायसिना डायलॉग ही दिल्लीतली मोठी परिषद 2016 पासून ओआरएफ (ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन ही थिंक टँक) आणि परराष्ट्र मंत्रालय मिळून करतात, तेवढं मोठं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. रोजचं काम तीस-चाळीस खुर्च्यांचं असतं. परदेशी पाहुण्याला कॉन्फरन्स व्हिसावरच बोलवायचं, टुरिस्ट व्हिसावर नाही, आणि परवानग्यांचे कागद महिनाभर आधी हलवायचे. बाकी मी बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनात स्वयंसेवक म्हणून शिकले तेच दिल्लीत कामाला आलं: माइक, पाणी आणि शेवटची रांग. 1924 ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा पाण्यासाठी विहीर खणली होती, ती काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. येणाऱ्यांच्या पाण्याची सोय आधी, भाषणं मग, हे त्या लोकांना कळलं होतं.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. या संस्था शे-दोनशे ओळखीच्या लोकांशीच बोलत राहतात, तेच निवृत्त अधिकारी, तेच पत्रकार, तेच दूतावास. 24 फेब्रुवारी 2022 ला रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हा आमच्याकडं चॅनेलवाल्यांचे फोन, इंग्रजी लेखांची घाई, आणि माझ्या मोबाईलवर मात्र गावाकडनं फोन, पोरगं तिकडं मेडिकलला आहे, त्यानं पोलंडच्या बॉर्डरला जायचं की हंगेरीच्या. 1 मार्चला हावेरीचा विद्यार्थी खारकीवमध्ये तोफमाऱ्यात मारला गेला. त्या रात्री मी दूतावासाच्या सूचना आणि तिकडनं भारतीयांना परत आणायच्या सरकारी मोहिमेची, ऑपरेशन गंगाची, माहिती मराठीत एका पानावर लिहिली, हुबळीच्या एका सहकाऱ्यानं तेच पान कन्नडमध्ये केलं, आणि ते व्हॉट्सॲपवर आमच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा लांब गेलं. परराष्ट्र धोरण आपल्या दारात येतंच. त्याच वर्षी 1 जूनपासून साखरेच्या निर्यातीवर मर्यादा आली तर अथणी-चिक्कोडीच्या ऊसवाल्यांनी त्याच्याकडं लक्ष ठेवायला लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) एअरबस-बोइंगच्या विमानांचे भाग बनतात, तिथल्या पोरांनाही जगाच्या व्यापारात काय चाललंय ते कळायला हवं. हे त्यांच्या भाषेत सांगणारं माणूस त्या ऑफिसात मला क्वचितच भेटलं.

तर मराठी माध्यम लपवू नकोस, इंटरव्ह्यूत स्वतःहून काढ. त्यांचा एक मोठा रिपोर्ट घे, त्याचा सातशे शब्दांचा इंग्रजी लेख कर आणि तेच अडीचशे शब्दांत मराठीत, दोन्ही घेऊन जा. अभ्यासकानं "शक्यता आहे" लिहिलं असेल तर हेडलाइनसाठी त्याचं "होणार" करू नकोस, तेवढ्यावरनं ते तुला जोखतील. आणि दोन गोष्टी तूही विचार: पैसा कुठनं येतो, परदेशी देणग्या असतील तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी चालू आहे का, आणि संचालकांनी घाईत काही पोस्ट करायला सांगितलं तर थांबा म्हणायचा अधिकार तुझ्याकडं असेल का. या दुसऱ्याला आढेवेढे घेत उत्तर आलं तर ऑफर घेण्याआधी मला फोन कर. मराठी पान लिहून झालं की इकडं पाठव, मी वाचून देते.