वारकरी घरातल्या आठवणी रिअलिस्टिक पेंटिंगमध्ये आणायच्यात, पण आता माझी तेवढी श्रद्धा नाही, चालेल का?

चालेल की! माळ काढून ठेवली म्हणून लहानपणचा हरिपाठ डोक्यातून जातो थोडाच. फक्त कॅलेंडरवरचा विठ्ठल बघून विठ्ठल काढू नका, तुमच्या घरातलं देवघर काढा, समईच्या काजळीने काळी झालेली भिंत, आजोबांचे झिजलेले टाळ, चंदन उगाळून खोलगट पडलेली सहाण, तुम्ही कोण ते ह्यातच दिसतं. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०५ च्या आसपास मॅडोनासमोर (म्हणजे येशूची आई मेरी) गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे अगदी पुढ्यात रंगवले, ते चित्र नेटवर झूम करून बघाच. आणि आपले चित्रकार सुधीर पटवर्धन, जन्म पुण्याचा, १९४९ चा, २००५ पर्यंत पेशाने रेडिओलॉजिस्ट, साध्या माणसांकडे किती मायेने बघतात ते शिकण्यासारखं आहे.

तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी स्केचबुक घेऊन जा. जुने दिवे, समया बघायला पुण्यातलं राजा केळकर म्युझियम आहेच.

फोटोवरून काम करत असाल तर जपून, मोबाईल समईचा उजेड पिवळाधमक करतो आणि सावल्या काळ्याठिक्कर, प्रत्यक्षात त्या सावल्यांत तांबूस छटा असते, ती तिथे बसूनच पकडावी लागते.