दुर्बिणीच्या माउंटला मोटर लावताय? आधी एवढंच करा

दुर्बिणीच्या माउंटला (स्टँडला) मोटर लावून ताऱ्यामागे फिरवायचं, मस्त प्रोजेक्ट घेतलाय, नक्की जमेल! फक्त पहिल्याच दिवशी गोटू (दुर्बीण आपोआप ताऱ्याकडे वळवणं), वायफाय, ऑटोगायडिंग (कॅमेऱ्याने ट्रॅकिंग सुधारणं) सगळं अंगावर घेऊ नका. आधी एकच मोटर, आरए अक्षाची (ज्या अक्षावर माउंट ताऱ्यांबरोबर फिरतो तो), आणि तारा आयपीसच्या मधोमध टिकतोय का एवढंच बघा.

कोड शून्यापासून लिहीत बसू नका, ऑनस्टेप हे माउंट चालवणारं तयार सॉफ्टवेअर फुकट आहे, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालतं.

गणित मात्र स्वतः करा, कारण बहुतेक जण इथेच अडकतात: २०० स्टेपची मोटर, १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग), ३:१ बेल्ट आणि वर्म गिअरचे १४४ दात धरले तर एका अंशाला ३८४० स्टेप येतात, तुमच्या माउंटचे दात वेगळे असतील तर आकडाही बदलणार.

आणि हे अगदी मनापासून सांगतो, पॉवर चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) जागेवर उडू शकतो. करंट लिमिटही मोटर जोडून चालवण्याआधीच सेट करा.

ट्रॅकिंग बिघडलं की सगळे कोडला दोष देतात, पण बऱ्याचदा ट्यूबचा बॅलन्स किंवा पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) चुकलेली असते. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, म्हणून उत्तर मोकळी असलेली गच्चीच शोधा.

पीईसी (गिअरची पुन्हा पुन्हा येणारी चूक भरून काढणं) वगैरे नंतर बघू. माउंट कुठला आहे ते सांगा, आकडे मिळून काढू.